कळसूबाई स्वतःहून उंच?

पेण आणि नागोठण्याच्या मधे रेल्वेचं एक स्टेशन आहे, कासू. इथल्या एखाद्या दहावीतल्या मुलाने वहीत लिहिलं, ‘द आयडल्स ऑफ पेण आर मोर फेमस दॅन रोहा’, तर बाई लाल शाई चालवतील. का बरं? त्याला म्हणायचंय, पेणच्या गणेशमूर्ती रोह्याच्या मूर्तींहून नावाजलेल्या. वाक्य मात्र म्हणतं, त्या अख्ख्या रोहा गावाहून नावाजलेल्या! एका पारड्यात गणपती, दुसऱ्यात कुंडलिकेसकट रोहा. (आता हेही कदाचित खरं असेल. रोहेकरांनी माफ करावं.)

इलाज दोन शब्दांचा: ‘दॅन दोज ऑफ रोहा’. त्या ‘दोज’मध्ये सगळ्या मूर्ती मावतात! मराठीत नुसतं ‘रोह्यापेक्षा’ म्हटलं तरी भागतं. उरलेल्या मूर्ती ऐकणारा आपल्या पदरच्या घालतो.

खरी जादू पुढे आहे. ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ बरोबर वाटतं ना? 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण राज्यातलं कुठलंही शिखर म्हटलं की त्यात कळसूबाईही आलीच. म्हणजे बाई स्वतःहून उंच! ‘डिग्री बदला’च्या प्रश्नासाठी आपण जे ‘एनी अदर’ डोळे मिटून घोकतो, त्यातला ‘अदर’ तिला रांगेतून हळूच बाजूला काढतो. आता महाराष्ट्राच्या जागी गोवा लिहा. ‘अदर’ लगेच गेला पाहिजे, नाहीतर कळसूबाई गोव्यात जाऊन बसेल. एवढ्याशा शब्दाला राज्याची हद्द कळते!

आणि हे वाचा: ‘मोअर पीपल हॅव बीन टू रोहा दॅन आय हॅव.’ मान डोलली? मग अर्थ सांगा पाहू. जास्त लोक, पण कोणापेक्षा? मी तर एकटा! या घडणीचं वाक्य भाषाशास्त्रज्ञ मारियो मोन्टालबेट्टी यांनी 1984 साली आपल्या प्रबंधात नोंदवलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही त्याला फसतात. पुढे प्रयोगांत एक मजेदार गोष्ट दिसली: रोह्याला पुन्हा पुन्हा जाता येतं, म्हणून मन माणसांऐवजी गुपचूप खेपा मोजू लागतं. त्याच जागी शाळा संपवण्यासारखी आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट घाला, तेच वाक्य जास्त खटकायला लागतं.