पानगळ म्हणजे मरण नव्हे

पौष-माघात बागेतील पांढरा चाफा निष्पर्ण होतो. उरतात त्या केवळ करड्या, जाडजूड फांद्या. झाड वाळत चालले आहे या समजुतीने पुष्कळ घरांत त्याला रोज पाणी घातले जाते आणि विसावा घेणारे झाड खरोखरच दगावते.

चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. तेथेही पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. पानांवाटे पाणी सतत बाष्परूपाने निघून जाते. म्हणून ओल घटताच चाफा पाने टाकतो आणि गरदार फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर व अन्नावर तग धरतो. या काळात मुळे फारच थोडे पाणी शोषतात. कुंडीत ओल साचून राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

शंका आल्यास फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे. फांदी दाबल्यावर मऊ, पोकळ लागली तर मात्र कुज समजावी आणि निरोगी भाग लागेपर्यंत ती छाटावी. निष्पर्ण काळात खत देऊ नये. माती खोलवर कोरडी झाल्यावरच थोडे पाणी द्यावे. टोकांना पालवी किंवा कळ्या दिसू लागल्या की पाणी हळूहळू वाढवावे व शेणखत घालावे.

छाटणीतही तारतम्य हवे. चाफ्याची फुले फांदीच्या टोकाला येतात; हिवाळ्यात सरसकट टोके छाटली तर त्या फांद्यांवरचा पुढचा बहर हातचा जातो. पारिजातकही पाने गाळतो, परंतु त्याची फुले नव्या फुटव्यांवर येतात. त्यामुळे हिवाळा सरताना केलेली छाटणी त्याला मानवते.

चाफ्याची छाटलेली फांदी वाया घालवू नये. सुमारे १ फूट लांबीचा तुकडा ८ ते १० दिवस सावलीत ठेवून, कापलेला भाग पूर्ण सुकल्यावर वाळूमिश्रित मातीत लावावा. चीक त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असल्याने कापताना काळजी घ्यावी. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी पूड दिसल्यास तो तांबेरा रोग होय. अशी पाने वेचून नष्ट करावीत.

सोनचाफ्याला मात्र हे नियम लागू नाहीत. तो वेगळ्या कुळातला, सदाहरित वृक्ष आहे. त्याची सगळी पाने गळू लागली, तर ती विश्रांती नसून दुखण्याची खूण समजावी.