जमीन घट्ट का होते, आणि तागाचं मूळ तिथं काय करतं?

बसमध्ये हेडफोन लावून हा भाग ऐकताना मध्येच रेंज गेली असेल, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडत असेल, तर हे लिखित रूप तुमच्यासाठी. बोलणं होतं तसंच ठेवलंय, फक्त माझे "अं… म्हणजे…" तेवढे काढलेत.

सुरुवात आमच्या घरातल्या वादापासून करतो. वाळवा तालुक्यात आमची थोडी ऊसशेती आहे. मी पुण्यात नोकरी करतो, रान तात्या बघतात, म्हणजे माझे चुलते. गेली काही वर्षं खत वाढवलं, पाण्याची तर कमी नाहीच, तरी ऊस पहिल्यासारखा येईना. पाणी दिलं की सरीत तुंबून राहायचं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत खोडवा तुटला, रान मोकळं झालं, आणि मी म्हणालो, "तात्या, यंदा सोयाबीन नको, ताग करूया."

तात्या म्हणाले, "मग तो ताग तू खाणार की विकणार?"

प्रश्न रास्त होता. सोयाबीनचे चार पैसे हातात येतात. ताग पेरायचा, फुलावर आला की मातीत गाडायचा, आणि वर बियाण्याचा खर्च. शेतकऱ्यानं तो का करावा? हे समजायचं तर आधी जमिनीच्या आत बघायला हवं.

चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत काही पाणी, काही हवा. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे ही हवा पाण्याइतकीच महत्त्वाची. जमिनीवर जड वजन आलं की आधी मोठ्या पोकळ्या दबतात, आणि पाणी खाली जाण्याचा रस्ता नेमका त्यांच्यातूनच असतो. म्हणून वर पाणी तुंबतं आणि खाली मूळ गुदमरतं. खत कितीही टाका, मूळच पोचत नसेल तर ते घेणार कोण?

हे वजन येतं कुठून? ऊसतोडीच्या वेळी भरलेली ट्रॉली ओल्या रानातून निघते ना, तिथून. वरच्या थराचं दबणं टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं, पण खोलवरचं दबणं एका ॲक्सलवर किती टन आहेत यावर. म्हणजे रुंद टायर लावले तरी खालची माती सुटत नाही. त्यात दरवर्षी रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरला, की त्याच्या खाली फरशीसारखा थर बसतो.

आता कुणी म्हणेल, काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते, स्वतःच मोकळी होते. खरंय. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. पण त्यासाठी रान पूर्ण वाळायला हवं. लागण, मग खोडवा, मग पुन्हा लागण, आणि बारमाही पाणी, असं असलं की तिला वाळायला सवडच मिळत नाही.

मग सबसॉयलर का नाही? चालतो. पण माती खालपर्यंत कोरडी असेल तरच ती फुटते. ओल्या मातीत तो नुसता चिरत जातो आणि बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. शिवाय फुटलेली ढेकळं धरून ठेवायला काही नसेल, तर पुढच्या ट्रॉलीखाली सगळं परत बसतं.

मुळाचं काम इथंच वेगळं आहे. ताग, धैंचा, तूर यांना सोटमूळ असतं. हे जाड मूळ सहज वाकत नाही. मातीत बारीकशी फट सापडली की टोक आत घालतं, मग फुगून ती फट रुंद करतं. टोकातून बुळबुळीत द्रव सुटतो, त्यानं घर्षण कमी होतं. पीक गेल्यावर मूळ आत कुजतं आणि मागं राहते एक उभी नळी. त्या नळीतून पाणी उतरतं, गांडूळ फिरतं, आणि पुढच्या पिकाचं मूळ आयत्या वाटेनं खाली जातं. मुळांच्या आजूबाजूचे जिवाणू आणि बुरशीचे धागे मातीचे कण चिकटवून रवाळ करतात. म्हणजे नळी तयारही होते आणि टिकतेही. आपली जुनी माणसं 'बेवड चांगला' म्हणतात, त्यात हाही भाग आला.

प्रत्येकाचा गुण वेगळा. ताग झटपट वाढतो आणि त्याच्या गाठी हवेतला नत्र धरतात. धैंचा पाणथळ, खारवट रानातही तग धरतो. तुरीचं मूळ चांगल्या जमिनीत दीड मीटरच्या पुढं जातं, आणि तूर विकताही येते, हे तात्यांना विशेष आवडलं.

पण मर्यादाही सांगायला हवी. माती फारच कडक असेल, ताकद मोजण्याच्या भाषेत साधारण 2 मेगापास्कलच्या वर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर वीस किलो, तर बहुतेक मुळं जवळपास थांबतात. ओल असेल तर तीच माती मऊ पडते. म्हणून हे पीक पावसाळ्यात, जमिनीत ओल असताना वाढवायचं.

शेवटी आमची तडजोड झाली: अर्धा एकर ताग, बाकी सोयाबीन. जूनमध्ये पेरला, फुलं दिसायला लागली तशी ऑगस्टमध्ये गाडला. गाडण्याआधी मी कुदळीनं चार झाडं खणून पाहिली. दोघांची मुळं वीतभर खाली जाऊन चक्क आडवी वळली होती. उरलेली दोन थराच्या आरपार गेली होती. तात्या ते वळलेलं मूळ हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "उसाचं पण असंच होत असणार की रे."

उत्पन्न किती वाढलं ते मी सांगणार नाही, कारण एका अर्ध्या एकरावरून आणि एका हंगामावरून असं काही ठरत नसतं. एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलं, की ऑक्टोबरच्या लागणीनंतर त्या तुकड्यात पाणी शेजारच्यापेक्षा लवकर जिरत होतं. यंदा तात्यांनी स्वतःच विचारलं, "तागाचं बी कधी आणतोयस?" आणि तोडीच्या वेळी ट्रॉली बांधाकडच्या एकाच वाटेनं काढायची, हेही त्यांनीच ठरवलं. ते नाही केलं, तर मुळांनी दोन महिन्यांत केलेलं काम एका दुपारीत जातं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर गावी गेल्यावर, वापसा असताना, एक लोखंडी सळई घ्या आणि रानात हातानं दाबा. कुठं अडते ते बघा. मग बांधावर, जिथं कधी ट्रॅक्टर गेला नाही, तिथं दाबा. दोन्ही खोली मोजा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर, राम राम!