लोणार : दगड ज्वालामुखीचा, खड्डा आभाळाचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरोघरी लागणाऱ्या कॅलेंडरांवर कधी कधी एक चित्र असतं. समुद्रातलं बेट, बेटावर डोंगर, डोंगराच्या माथ्यावर वाटीसारखा खड्डा आणि त्या वाटीत निळं किंवा हिरवं पाणी. इंडोनेशियात फ्लोरेस नावाच्या बेटावर केलीमुतू नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी तीन तळी आहेत आणि तिघांचे रंग वेगवेगळे. चित्र बघून माणूस सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, आपल्याकडं असं काही नाही बुवा.

आपल्याकडं आहे. छत्रपती संभाजीनगरहून निघालात की वीसेक किलोमीटरवर आमचं करमाड लागतं. तिथून जालना, जालन्याहून मंठा आणि मंठ्याहून लोणार. मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो त्या सीमेवरचं, बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी जेवायला येऊ शकतो. सपाट शेतातून रस्ता जातो, एक बुटका चढ लागतो, आणि चढ संपला की पायाखालची जमीनच संपते. खाली दीडशे मीटर खोल, जवळजवळ गोल खड्डा. या काठापासून त्या काठापर्यंत अंतर पावणेदोन किलोमीटरांहून थोडं जास्त. आतल्या उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी.

हे बघून कुणीही म्हणेल, ज्वालामुखीचं तळं! मोठमोठे विद्वानही शंभर-सव्वाशे वर्षं असंच म्हणत होते. त्यांची अडचण समजून घेण्यासाठी लोणारला जायच्या आधी आपल्याच शिवारातल्या विहिरीत डोकवायला हवं.

आमच्या भागात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. पुढं मधेच लालसर मातीसारखा एखादा पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला दगड थरावर थर पसरत गेला. दोन थरांच्या मधल्या उसंतीत वरचा दगड झिजून माती झाली, तोच तो लाल पट्टा. वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात वरून खाली कोरलं तोही हाच, आणि लोणारचाही हाच. म्हणजे लोणारचा दगड ज्वालामुखीचा आहे यात शंका नाही. प्रश्न खड्ड्याचा आहे. ज्वालामुखीच्या दगडात पडलेला खड्डा ज्वालामुखीनंच पाडला असेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

लोकांनी आपल्या परीनं उत्तर आधीच दिलं होतं. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली घर करून राहायचा. विष्णूनं त्या घराचं झाकण उडवलं, दैत्याला मारलं आणि उरला तो हा खड्डा. झाकण जाऊन पडलं ते नैऋत्येला ढाकेफळजवळ, तिथली टेकडी म्हणजेच ते झाकण. गावातलं दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर याच कथेचं. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळं मला ही कथा भाबडी वाटत नाही. काहीतरी प्रचंड जोरानं उडालं आणि लांब जाऊन पडलं, एवढं कथा करणाऱ्यानं त्या जागेकडं बघून ओळखलं होतं.

अबुल फजलनं अकबराच्या काळात ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली, तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येतं. हे पवित्र स्थान असून ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, हे तो सांगतो. आणि लगेच हिशेबी कारभाऱ्यासारखी नोंद करतो, की इथं काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो आणि सरकारला उत्पन्न होतं. पुढं १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली आणि युरोपला ते माहीत झालं. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञानं आपल्या देशातल्या ॲरिझोनाच्या विवराची तुलना लोणारशी केली. तुलना अचूक होती, पण निष्कर्ष उलटा निघाला. लोणार ज्वालामुखीच्या दगडात आहे, म्हणून ॲरिझोनाचा खड्डाही भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटानंच पडला असावा, असं त्यानं धरलं. आज दोन्ही विवरं आभाळातून आलेल्या आघाताची मानली जातात.

हे कसं कळलं? पहिली खूण काठावर दिसते. विहीर खणताना काठावर जो ढीग पडतो तो आठवा. सगळ्यांत वरची माती आधी निघते म्हणून ती ढिगाच्या तळाशी जाते आणि खोलवरचा दगड शेवटी निघून ढिगाच्या माथ्यावर बसतो. लोणारच्या काठावर थरांची अशीच उलटापालट आहे. काठाचे थर वर उचलले गेलेत, माथ्यावरचे तर उलटे होऊन बाहेर पडलेत, आणि फुटलेल्या दगडाचं हे पांघरूण काठापासून किलोमीटरभराच्या पुढं पसरलंय. पण एवढ्यानं निकाल लागत नाही. मोठा स्फोट कशाचाही असला तरी ढीग उलटाच पडणार.

निकाल लागला तो काचेवरून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळ्याच्या तळाला भोकं पाडून नमुने काढले. वर जाड गाळ, गाळाखाली चुरा झालेला पाषाण. त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. आपल्या काळ्या पाषाणात फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याच्यावर क्षणार्धात अतोनात दाब पडला तर ते न वितळताच काच होऊन बसतं. ज्वालामुखीकडं उष्णता असते, पण असा दाब नसतो. तो फक्त भयंकर वेगानं येऊन आदळणाऱ्या वस्तूकडं असतो. हा निष्कर्ष १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला आणि वाद जवळपास मिटला.

गंमत अशी की ही काच जगाला पहिल्यांदा कळली तीही हिंदुस्थानात पडलेल्या दगडातूनच. १८६५ साली बिहारात गयेजवळ शेरघाटीला एक उल्का पडली, तिच्यात ती होती. ती उल्का मंगळावरून आलेली, हे पुढं शंभरहून अधिक वर्षांनी उमगलं. चंद्रावर आणि मंगळावर असाच काळा पाषाण आहे आणि त्यात अशीच विवरं आहेत. पृथ्वीवर मात्र अशा पाषाणातली विवरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत लोणारइतकं नीट टिकलेलं दुसरं नाही. चंद्रावर न जाता चंद्राचा अभ्यास करायचा तर इथं यावं लागतं. विवराच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं निघाली, तर दुसऱ्या, अलीकडच्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार!

आता पाण्याकडं येऊ. या वाटीला बाहेर जायला वाट नाही. पाऊस पडतो, काठाच्या दगडांतून झरे येतात, धारेचं पाणी बारमाही वाहतं, आणि जातं ते फक्त वाफ होऊन. पाणी जातं, क्षार मागं राहतात. म्हणून हे पाणी नुसतं खारट नाही, सोड्याचं आहे. पापडखार ज्या जातीचा क्षार, त्याच जातीचा क्षार इथं लोक पिढ्यान्‌पिढ्या काढत आले. गावाच्या नावातलं ‘लोण’ ते हेच. कमळजा देवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे. पाणी ओसरलं तरच दिसते. तिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट, असं गावकरी सांगतात. गोड बाजू सासूची की सुनेची, यावर एकमत होणं विवराच्या वयाइतकंच अवघड.

असल्या पाण्यात मासोळी जगत नाही, पण सूक्ष्म जीवांची दाटी असते. नेहमीचा हिरवा रंग त्यांचाच. जून २०२० मध्ये तळं एकाएकी गुलाबी झालं आणि लोक चमत्कार म्हणू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि त्यामुळं मीठ आवडणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्म जीव माजले होते. नमुन्यातले जीव तळाशी बसले की वरचं पाणी नितळ दिसे.

या तळ्याचा जीव त्याच्या खारटपणात आहे. तो राहतो आवक आणि बाष्पीभवन यांच्या तोलावर. गोडं पाणी फार आलं, गावाचं सांडपाणी उतरलं, की सोडा पातळ होतो आणि दुसऱ्या कुठंच न राहणारी ही वस्ती मोडते. आसपासच्या बोअरवेलनी झरे ओढले तर उलटा तोल जातो. आतल्या उतारावर वेडी बाभूळ घुसली आहे. मला जास्त काळजी वाटते ती काठाबाहेरच्या फुटक्या दगडाच्या पांघरुणाची. तळं सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याच्यासाठी कोर्टात जाणारे निघतात. २००० साली अभयारण्य झालं, २०२० साली रामसर यादीत नाव गेलं. पण बाहेरचा दगड दिसायला साधा मुरूम. त्यावर नांगर फिरतो, घरं उठतात, रस्ते होतात. विवर कसं पडलं याचा निम्मा पुरावा त्याच मुरमात आहे.

जायचं तर थंडीत जावं. उतरायला वेळ लागत नाही, चढताना दम निघतो, म्हणून पाणी जवळ ठेवावं आणि पायात बूट असावेत. सकाळी झाडीत मोर ओरडतात. खाली जुन्या देवळांची रांग आहे, कुठं वटवाघळं, कुठं अर्धी भिंत. बहुतेक लोक गोमुखाची धार बघून, फोटो काढून परततात. त्यांनी धारेच्या वाटेवर काठाच्या कापलेल्या भिंतीकडं दोन मिनिटं बघावं. आपल्या विहिरीत आडवे दिसणारे थर तिथं कसे वर उचलले गेलेत ते दिसतं. सापडलेला काळा चकचकीत खडा मात्र खिशात घालू नये, तो जिथं पडलाय तिथंच अभ्यासणाऱ्याच्या उपयोगाचा असतो.

आणि गावातून निघण्याआधी अर्ध्या-पाऊण किलोमीटरवरच्या अंबर तळ्याकडं जरूर जावं. तिथं मोठ्या मारुतीची निजलेली मूर्ती आहे. हे छोटं तळंही त्याच आघाताच्या एखाद्या तुकड्यानं झालं असं काहीजण मानतात, काहीजण नाकारतात.