निकाल विरुद्ध गेला, तरी साठ दिवस आपले आहेत

कामावर अपघात झाला, हात गेला. कोर्टाच्या तारखांवर तारखा केल्या. शेवटी अर्ज फेटाळला गेला, नाहीतर अगदी तुटपुंजी रक्कम मंजूर झाली. घरातली जुनी माणसे म्हणतात, "जाऊ दे, नशिबात नव्हते." पण बंधुभगिनींनो, नशिबाची भाषा आपण 1956 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर सोडून आलो. कायद्यात पुढची पायरी आहे, ती आपल्या घरात प्रत्येकाला ठाऊक हवी.

ही पायरी म्हणजे उच्च न्यायालयातले अपील. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 30 मध्ये ते होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. मुदत 60 दिवसांची. सर्वांत मोठी अट अशी की, अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे. "साक्षीदार खोटे बोलला" एवढ्यावर ते दाखल होत नाही. म्हणून पगाराची चिठ्ठी, हजेरी, दवाखान्याचे कागद, सोबत्याची साक्ष हे सारे पहिल्याच ठिकाणी पुढे यायला हवे.

कायद्याचा प्रश्न म्हणजे काय? एका सुताराचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, हे अपंगत्व अंशतःच आहे. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 1975 साली न्यायालयाने सांगितले, एका हाताने सुतारकाम होत नाही; म्हणजे या माणसाची कमाईची ताकद पूर्ण गेली. शिवाय भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते. मालक हरला.

तेव्हा निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज करा. मुदत टळलीच, तर खरे कारण पुराव्यासह लिहून विलंब माफीचा अर्ज देता येतो. मात्र परवानगी देणे न्यायालयाच्या हाती असते. वकिलाला पैसे नसतील तर 1987 च्या विधी सेवा कायद्याचा आधार घ्या. अनुसूचित जाती, स्त्रिया, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना एकच सांगणे आहे. शेजारच्या घरात असा निकाल येऊन पडला असेल, तर रविवारी विहारात तो वाचून दाखवा आणि साठावा दिवस कोणता, ते त्यावर लिहून द्या. जयभीम.