बसवरचा देव, बसवरचा नास्तिक

जाहिरातींच्या जगात : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण सोड्याच्या बाटलीआडून होणाऱ्या दारूच्या जाहिराती पाहिल्या. या आठवड्यातला माल त्याहून अवघड आहे. देव आहे असं सांगणारी जाहिरात आणि देव नाही असं सांगणारी जाहिरात, दोघांनीही रोख पैसे मोजून जागा घेतलेली. दोघांना नियम सारखाच लागतो का?

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण लंडनचं. २००८ च्या उन्हाळ्यात तिथल्या बसवर एक ख्रिस्ती जाहिरात झळकत होती. बायबलमधलं वचन, खाली वेबसाइटचा पत्ता. एरियन शेरीन या विनोदी लेखिकेनं तो पत्ता उघडून पाहिला, तर श्रद्धा न ठेवणाऱ्यांना अनंतकाळ नरकयातना भोगाव्या लागतील असा मजकूर आत होता. तिनं ‘गार्डियन’च्या संकेतस्थळावर लेख लिहून सुचवलं की नास्तिकांनीही वर्गणी काढून बसवर चार दिलाशाचे शब्द लिहावेत. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश ह्युमॅनिस्ट असोसिएशनच्या मदतीनं वर्गणी सुरू झाली. लक्ष्य होतं ५,५०० पौंडांचं, आणि तेवढ्याच रकमेपर्यंत आपली भर घालायचं नास्तिकतेचे पुरस्कर्ते, जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी कबूल केलं होतं. प्रत्यक्षात दीड लाख पौंडांवर रक्कम जमली. जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनभर ८०० बस नवा मजकूर घेऊन धावू लागल्या : ‘बहुधा देव नाहीच. तेव्हा काळजी सोडा आणि मजेत जगा.’

त्यातलं ‘बहुधा’ नियमांच्या धाकानंही आलं होतं. ठाम ‘नाही’ म्हटलं की ‘सिद्ध करा’ म्हणणारे उभे राहणारच. डॉकिन्सना ते फार मवाळ वाटलं. ‘जवळजवळ नक्की’ असं त्यांना हवं होतं. पण एवढी काळजी घेऊनही जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स ऑथॉरिटीकडे ३२६ तक्रारी आल्याच. काहींचं म्हणणं, भावना दुखावल्या. काहींचा मुद्दा जास्त हुशारीचा होता : साबणवाल्याला दाव्याचा पुरावा मागता, मग ‘बहुधा’ला पुरावा कुठाय?

ऑथॉरिटीनं चौकशीही लावली नाही. हे जाहिरातदाराचं मत आहे, वस्तुनिष्ठ कसोटीवर घासून पाहता येईल असा दावा नाही, त्यामुळे यात कुणाची फसवणूक होत नाही आणि गंभीर स्वरूपाचा व्यापक अपमानही होत नाही, असं सांगून फाइल बंद केली.

उत्तर आलं ते बसवरूनच. फेब्रुवारीत ख्रिश्चन पार्टी या छोट्या पक्षानं ‘देव नक्कीच आहे, तेव्हा आमच्या पक्षात या आणि मजेत जगा’ अशी जाहिरात लावली. दुसऱ्या एका संस्थेनं बायबलच्या स्तोत्रांतलं, नास्तिकाला मूर्ख ठरवणारं वचन बसवर चढवलं. गंमत अशी की पक्षाच्या जाहिरातीवर हजाराहून जास्त तक्रारी आल्या, नास्तिकांच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी अधिक. ती राजकीय पक्षाची असल्यामुळे ऑथॉरिटीच्या कक्षेतच नव्हती. भावना दुखावण्याचा मक्ता एकट्या आस्तिकांकडे नाही, एवढं त्यातून कळलं. आणि थेओस या धर्मविषयक अभ्यासगटानं तर नास्तिकांच्याच मोहिमेला ५० पौंड वर्गणी दिली. लोक निदान देवाचा विचार तरी करतील, हा त्यांचा हिशेब.

मला हा सगळा गोंधळ निकोप वाटतो. जाहिरातीच्या जागेतला न्याय तपासायची एकच कसोटी मला भरवशाची वाटते : हाच मजकूर उलट बाजूनं आला असता तर आपण काय केलं असतं? उत्तर बदलत असेल तर तो नियम नाही, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

याचा अर्थ श्रद्धेच्या नावाखाली काहीही चालेल असा नाही. इंग्लंडमधल्याच बाथ शहरात एका ख्रिस्ती गटाची पत्रकं होती : देव आजही बरं करतो. पुढे यादी, अल्सर, नैराश्य, दमा, पक्षाघात. २०१२ मध्ये त्याच ऑथॉरिटीनं ती रोखली. खोटी आशा लावून माणूस डॉक्टरपासून दूर राहील, ही भीती. तीन खासदारांनी चिडून पत्र लिहिलं, प्रार्थनेनं बरं होत नाही याचा पुरावा तुम्हीच द्या. पण देव आहे की नाही हे मोजता येत नाही, दमा गेला की नाही हे मोजता येतं. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये टीव्हीवरच्या ‘हनुमान चालिसा यंत्रा’सारख्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या, त्याही याच रेघेवर. हनुमानावरच्या भक्तीला न्यायालयानं हात लावला नाही. आक्षेप होता तो यंत्र घेतलं की भाग्य उजळेल या हमीवर.

खरी पंचाईत पुढे आहे. कटकट नको म्हणून जागेचे मालक दोघांनाही दार बंद करतात. दिसायला समान न्याय. २०१५ च्या डिसेंबरात ‘स्टार वॉर्स’च्या आधी चर्च ऑफ इंग्लंडला प्रभूच्या प्रार्थनेची ६० सेकंदांची जाहिरात दाखवायची होती. सेन्सॉरनं ती सर्वांसाठी योग्य ठरवली होती, तरी ब्रिटनमधल्या मोठ्या चित्रपटगृहांच्या जाहिराती सांभाळणाऱ्या कंपनीनं धार्मिक आणि राजकीय जाहिराती घेत नाही म्हणून नकार दिला. या नकारावर टीका करणाऱ्यांत डॉकिन्स होते! जाहिरातीनं कुणी दुखावेल एवढ्यावरून ती दडपणं त्यांना मान्य नव्हतं. वर सांगितलेल्या कसोटीला हा माणूस उतरला, म्हणून मला त्यांचं कौतुक.

अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला आणि दोन तोंडांनी बाहेर आला. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन भागाच्या बससेवेकडे २०१२ मध्ये तिथल्या विवेकवाद्यांच्या गटानं जाहिरात दिली. मजकूर काय, तर ‘नास्तिक’ हा एक शब्द, गटाचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता. शिवी नाही, चर्चचं नाव नाही. वाद होईल म्हणून ती नाकारली. त्याआधी याच बसवर चर्चच्या जाहिराती लागल्या होत्या. २०१३ मध्ये नियम आणखी पक्का केला : परमेश्वराच्या अस्तित्वाचा किंवा नास्तित्वाचा प्रचार करणारी जाहिरात नको. कागदावर तराजू अगदी बरोबर. खालच्या न्यायालयाला तो पटला. २०१९ मध्ये वरच्या संघीय न्यायालयानं मात्र तो मोडीत काढला. यात विषय नव्हे, त्याकडे पाहण्याची एक दृष्टीच वगळली जाते, असं बहुमतानं ठरलं.

वॉशिंग्टनमध्ये नेमकं उलटं. तिथल्या कॅथलिक धर्मप्रांतानं २०१७ च्या नाताळापूर्वी मेट्रोच्या बससाठी जाहिरात केली : चांदण्या रात्री ताऱ्याच्या मागं निघालेले मेंढपाळ आणि ‘सर्वोत्तम भेट शोधा’ अशी ओळ. धार्मिक जाहिराती घेत नाही, म्हणून नकार. २०१८ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं तो नकार उचलून धरला आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायचंच नाकारलं. या नियमाखाली नाताळच्या खरेदीची दुकानदाराची जाहिरात बसवर लागू शकत होती. ज्याच्या जन्माचा सण, त्याची लागू शकत नव्हती. ‘कुणालाच नको’ म्हटलं तरी जागा रिकामी राहत नाही. ती दुकानदाराला मिळते, आणि चर्च व नास्तिक दोघंही फुटपाथवर उभे.