नात कुणी पढली?

रमजानात पुष्कळ घरांत गाणी बंद असतात. हम्द-नातच्या जुन्या कॅसेटची पेटी मात्र माळ्यावरून खाली येते. आता ती टेपवर नव्हे, मुलाच्या कॉम्प्युटरवर चढते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटे लागतात, घाई चालत नाही. खरी अडचण पुढेच. पडद्यावर उरते ती ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी रांग. कोण पढतंय, कळत नाही.

एमपी३ फाइलच्या पोटात नाव-गाव लिहिण्याची सोय १९९६ साली आली. तिला टॅग म्हणतात. तेव्हा गायकाच्या नावाला तीसच अक्षरे मिळत. प्रकारांच्या पहिल्या ८० नावांत पोल्का होता. नात नव्हती, कव्वालीही नव्हती! आता देवनागरीत किंवा उर्दूत सविस्तर लिहिता येते. मात्र लिहिण्याची रीत एकच ठेवावी. महंमद रफी, मोहंमद रफी, मोहम्मद रफी असे तिन्ही लिहिले, तर कॉम्प्युटर तीन गायक धरतो.

बाजारातली कॅसेट असेल, तर ‘पिकार्ड’सारखे मोफत सॉफ्टवेअर आवाजावरून कधीकधी नाव शोधून देते. मोहल्ल्यातल्या मिलादला टेप केलेली नात त्याला कुठून ठाऊक असणार? तो आवाज ओळखतात फक्त दादीजान, आणि त्यांनाही आता कमी ऐकू येते. म्हणून इफ्तारनंतर त्यांच्या कानाला हेडफोन लावावा. त्या नाव सांगतील, साल सांगतील, त्या रात्री लाइट गेली होती हेही सांगतील. ते सगळे शेऱ्याच्या रकान्यात लिहावे. तरावीहची वेळ झाली, तर उरलेल्या फाइली उद्या.