चुकीच्या वाटेवर काटी

समजा, रत्नागिरीकडच्या एका बागायतदाराला आपल्या आंब्याच्या बागेचा सातबारा फोनवर पाहायचा आहे. पत्ता आहे ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’. शेवटची ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे फक्त सरकारी ठिकाणांनाच मिळतात. तेथे सातबारा नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल, तर सरकार १५ रुपये घेते.

पण घाईत एक अक्षर चुकले. भलतेच पान उघडले. दिसायला तसेच, पण पाहण्यासाठीच पैसे मागू लागले! गडी सावध होता. त्याने पान बंद केले. पुढच्या खेपेस दोन अक्षरे लिहितो, तोच फोनने तो चुकीचा पत्ताच पुढे केला. हे कसं झालं?

इंटरनेटची पाने ज्यातून उघडतात, त्याला ब्राउझर म्हणतात. आपण उघडलेल्या पानांचे पत्ते तो लक्षात ठेवतो. त्या नोंदीला ‘इतिहास’ म्हणतात. त्यामुळे पत्ता पुन्हा पुरा लिहावा लागत नाही. मात्र खरा कोणता, खोटा कोणता, हे त्याला नेहमीच कळते असे नाही. माणसे चालली की गवतात पायवाट पडते. ती कुठे जाते, हे गवताला काय ठाऊक?

घरात फोन एकच असतो. आज आपण सावध राहिलो. उद्या घरातले दुसरे कोणी त्याच पत्त्यावर बोट ठेवील. म्हणून आम्ही सांगतो, चुकीच्या वाटेवर काटी टाका.

बहुतेक फोनांत ‘क्रोम’ नावाचा ब्राउझर असतो. त्यात वर तीन ठिपके दिसतात. ते दाबून ‘इतिहास’ उघडा. चुकीचा पत्ता शोधा आणि तेवढाच काढून टाका. सगळा इतिहास पुसायची गरज नाही. मग खरा पत्ता नीट लिहून उघडा. तीन ठिपक्यांत चांदणी आहे; ती दाबली की तो पत्ता जपून राहतो.

एक ध्यानात ठेवा. इतिहास पुसला, म्हणजे गेलेले पैसे परत येत नाहीत. पैसे गेलेच, तर काही न पुसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

फोन आपणहून शहाणा होत नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, ते आपणच त्याला सांगावे लागते.